रोडटच शांतता

जिथे दुचाकी, तीनचाकी, चारचाकी आणि चाकं मोजताना सिग्नल सुटून जाईल असे ट्रेलर रात्रंदिवस धावतात, तिथे स्वतःच्या पायांनी सायकल मारत हिंडणं म्हणजे हलवायाच्या दुकानात बसून खिशातले फुटाणे खाणं. लोक वळून बघतात. त्यांच्या नजरेत तुच्छता नसते, काळजी असते. या माणसाचं काहीतरी बिनसलंय, एवढंच त्यांना वाटतं.

खरं तर पिंपरी-चिंचवड सायकलीवरच मोठं झालं. १९७२ साली चेतक आली आणि पुढे कित्येक वर्षं माणसं तिच्यासाठी नंबर लावून बसली. आकुर्डीत ती स्कूटर जोडणारा कामगार मात्र पाळी सुटली की हँडलला डबा अडकवून सायकलीनेच घरी जायचा. भोंगा झाला की गेटातून सायकलींचा असा लोंढा निघायचा, की रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यांना पाच-दहा मिनिटं थांबावं लागे. तेव्हा ट्रॅफिक म्हणजे आम्हीच होतो. आता आम्ही ट्रॅफिक चुकवायला सायकल काढतो.

माझे साडू बाणेरला राहतात. त्यांनी मध्यंतरी दक्षिण फ्रान्समध्ये सायकल सहल केली. सायकल चालवायला विमानाने जाणारा आमच्या नात्यातला हा पहिला माणूस. परत आल्यापासून ते ‘मिदीचा कालवा’ या विषयावर बोलतात. तुलूझपासून समुद्राकडे जाणारा हा कालवा २४० किलोमीटर लांब आहे. मिठाचा कर गोळा करणाऱ्या पिएर-पॉल रिके नावाच्या गृहस्थाने तो खणायला घेतला आणि तो १६८१ साली, म्हणजे आपल्याकडे संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला त्या वर्षी, पुरा झाला. काठाने प्लेन वृक्षांची सावली, आणि ज्या वाटेवरून पूर्वी घोडे नावा ओढत चालायचे तिथून आता साडू सायकल मारत चाललेले.

“तासभर जा, एक गाडी दिसणार नाही,” ते सांगतात. “कालव्यापासून बाजूला गेलो आणि एखादी आलीच, तर दीड मीटर अंतर सोडून पुढे जाते. कायदाच आहे तसा. गावात एक मीटर, गावाबाहेर दीड.”

मी सगळी नोकरी क्वालिटी विभागात काढली, म्हणून अधिकाराने सांगतो : चाकणच्या रस्त्यावर कंटेनर आपल्या कोपराला जे अंतर सोडून जातो, ते मोजायला टेप चालत नाही, व्हर्निअर लागतो.

साडू म्हणाले, दुपारी बारा ते दोन तिथली खेडी बंद असतात. पावाचं दुकानसुद्धा बंद. एकदा ते अडीच वाजेपर्यंत उपाशी हिंडले. “पण काय ती शांतता!” हे सांगताना त्यांचे डोळे पाणावले होते. इथे मेहुणीला वाढायला पाच मिनिटं उशीर झाला तर यांचे डोळे वेगळ्या कारणाने भरून येतात, असं आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली. आणखी एक तपशील त्यांनी जरा घाईने उरकला. सामानाच्या बॅगा व्हॅनने पुढच्या मुक्कामी जायच्या.

मी ठरवलं, आमच्या निगडीपासून सायकलच्या टप्प्यात आपलाही एक फ्रान्स शोधायचा.

पहिला शोध असा लागला, की फ्रान्समध्ये शांत रस्ता ही जागा असते आणि आमच्याकडे ती वेळ असते. नकाशा निरुपयोगी, पाळ्यांचं वेळापत्रक पाठ हवं. सकाळी सहाच्या सुमाराला पहिल्या पाळीच्या बसेस निघतात, त्यांच्या मागून जनरलच्या, मधल्या फटीत शाळेच्या. दुपारी तीनला एक पाळी सुटते आणि दुसरी भरते, म्हणजे त्या वेळी रस्त्यावर दोन पाळ्या असतात. रात्री अकराला पुन्हा तेच. या सगळ्यातून पहाटेचा आणि टळटळीत दुपारचा असे दोन तुकडे उरतात. दुपारच्या तुकड्यात शांतता असते, पण एप्रिलमध्ये ती उपभोगायला माणूस जिवंत उरत नाही.

त्यातल्या त्यात गुरुवार बरा. भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असते. पुण्याच्या लोकांना हे समजावणं कठीण जातं. रविवारी सायकल काढणारे ते हौशी. आमचा खरा निसर्गप्रेमी गुरुवारी बाहेर पडतो, कारण त्याचा निसर्ग विजेच्या साप्ताहिक बंदवर अवलंबून असतो.

दुसरी अडचण कीसाची. भोसरीच्या गाळ्यांपुढून जाताना रस्त्यावर लेथचा कीस पडलेला असतो. उन्हात तो सुंदर चमकतो, काही तुकडे निळसर, काही सोनेरी. फ्रान्समध्ये वसंतात फुलं पडतात म्हणे. हा कीस टायरमध्ये शिरला की फुस्स. तिथला पंक्चरवाला चिमट्याने तुकडा काढतो, उजेडात धरतो आणि सांगतो, “हा एमएस नाही, साहेब. ईएन एट. टूल बोथट झालंय त्यांचं.” इतकी तपासणी माझ्या हयातीत मी सप्लायरच्या मालाचीही केली नाही.

एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगतो : पूर्ण वाहनमुक्त रस्ता आम्हीही पाहिला आहे. आषाढी वारीला तुकोबांची पालखी देहूच्या इनामदारवाड्यातून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. तेव्हा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गाडीच नसते. पण त्या दिवशी तिथे इतकी माणसं असतात, की सायकल खांद्यावर घेऊनही पुढे सरकत नाही. दुसऱ्यांदा २०२० साली. मार्चअखेर सगळं बंद झालं आणि स्पाइन रोडवर कुत्री मधोमध आडवी झोपू लागली. साक्षात फ्रान्स. फक्त घराबाहेर पडायला बंदी होती. मी तो फ्रान्स गॅलरीतून पाहिला, हातात मोजून वाटलेल्या भाज्यांची पिशवी घेऊन.

तर गुरुवारची पहाट. निगडीहून देहू, इंद्रायणीचा पूल, येलवाडी, सांगुर्डी, खालुंब्रे. इथे चाकण-तळेगाव रस्ता आडवा येतो. तो ओलांडणं हा वेगळा क्रीडाप्रकार आहे. चाकणचा संग्रामदुर्ग घ्यायला शाइस्तेखानाला १६६० साली जवळजवळ दोन महिने लागले. आत फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसं घेऊन लढत होता, हे खरं कारण. पण हल्ली तळेगाव चौकात लाल दिव्यापाशी उभं राहिलं की खानाबद्दल थोडी सहानुभूती वाटते. म्हणून मी चौकाकडे वळतच नाही. सरळ पलीकडे जातो आणि वासुलीच्या दिशेने डोंगर धरतो.

हा डोंगर म्हणजे भामचंद्र. तुकोबा एकांतासाठी भामचंद्र, भंडारा आणि घोराडेश्वर या डोंगरांवर जायचे. तेव्हा शांततेसाठी घराबाहेर पडायची रीत या मुलखाने फ्रान्सकडून घेतलेली नाही. त्यांच्या बायकोने, आवलीने, भाकरी घेऊन डोंगर चढायचा, अशी कथा आहे. सांगायचं एवढंच, की व्हॅनची सोय त्याही काळी होती, फक्त ती पायी चालायची आणि वर पोचल्यावर बोलायची. हे मी घरी एकदा म्हणालो. त्यानंतर माझा डबा मी भरतो.

आज भामचंद्राच्या पायथ्याशी चाकण एमआयडीसीचा दुसरा टप्पा आहे. वरून पाहिलं तर निळी पत्र्याची छपरं, रांगेत लावलेल्या नव्याकोऱ्या गाड्या, आणि मधूनच एखादं कांद्याचं वावर, जे अजून विकलं गेलेलं नाही. डोंगर मागे टाकून आंबेठाण, करंजविहिरे करत भामा आसखेडच्या जलाशयाकडे निघालं की मात्र गंमत सुरू होते. कंपन्या संपतात. रस्ता अरुंद होतो. बाभळी, ज्वारी, पाण्याचा वास. बराच वेळ गाडी येत नाही. इथे मी उतरतो, सायकल बांधाला टेकवतो आणि उभा राहतो.

पण साडूंच्या फ्रान्समध्ये आणि माझ्या फ्रान्समध्ये इथे फरक पडतो. तिथे शांतता मोडायला गाडी लागते. इथे एक आजोबा पुरतात.

“गाडी कुठं बंद पडली?”

“गाडी नाही आजोबा, सायकलच आणलीये.”

“कुठनं?”

“निगडीहून.”

त्यांनी मला टाचेपासून हेल्मेटपर्यंत पाहिलं. “डॉक्टरनी सांगितलंय का?”

“नाही, आपलं सहज.”

“शुगर किती?”

“शुगर नाही मला.”

“तपासली का पण?”

पन्नाशीनंतरचा माणूस सायकल चालवतो त्याला ग्रामीण भागात दोनच कारणं मान्य आहेत, गरिबी किंवा मधुमेह. हेल्मेट असल्यामुळे मी गरीब ठरलो नाही. मग आजोबांनी त्यांची शुगर सांगितली, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, आणि चहा बिनसाखरेचा मागवला. माझाही.

साडूंना हे सांगितलं तेव्हा ते हळहळले. “तिथे कुणी कुणाला विचारत नाही हो.” हे अर्धसत्य आहे. आमच्या सोसायटीतला एक मुलगा पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस करून आला आहे. चार वर्षांतून एकदा होणारी ही सफर, १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास. पुण्यातली पोरं २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पुऱ्या करून तिला पात्र होतात. तो सांगतो, रात्री दोन वाजता खेड्यातली माणसं घरापुढे टेबल मांडून कॉफी घेऊन बसलेली असतात. पैसे घेत नाहीत. कुठून आलात विचारतात आणि घरी गेल्यावर पत्र पाठवा म्हणतात. शुगर विचारत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आजोबा परवडले. खरी गंमत पुढे आहे. द्राक्षमळ्याकडे टक लावून पाहणं ही फ्रान्समध्ये अभिरुची समजली जाते. खेड तालुक्यात तो व्यवहार असतो. मी ज्वारीकडे जरा जास्त वेळ बघत राहिलो, तर मोटारसायकलवरून एक तरुण आला. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन.

“जागा बघताय का?”

“नाही, सहज बघतोय.”

“पहिल्यांदा सगळे सहजच बघतात.” त्याने गाडी स्टँडला लावली. “ही रोडटच आहे. सातबारा क्लिअर, एकच नाव. भाव जरा जास्त जातो. आत घेतली तर स्वस्तात बसवून देतो.”

“आतली स्वस्त का?”

“रस्ता नाही ना तिकडं,” तो ओशाळून म्हणाला. “आवाज नाही, काही नाही. नुसते मोर ओरडतात.”

साडू ज्या गोष्टीसाठी युरो मोजून आले, ती इथे मालातला दोष म्हणून भाव पाडून विकायला ठेवलेली होती. मी त्याला साडूंबद्दल सांगितलं. त्याने लगेच नंबर मागितला. मी दिला.

पुढच्या गुरुवारी साडू स्वतःच आले. सायकल गाडीच्या टपावर बांधून करंजविहिऱ्यापर्यंत आणली आणि तिथून पुढे चालवली. रस्ता पाहून ते गप्प झाले, आणि ते गप्प झालेत हे बराच वेळ सांगत राहिले. मग तरुण आला. तिघे आत गेलो, पायवाटेने, सायकली ढकलत. खरंच मोर ओरडत होता. साडूंनी डोळे मिटून ऐकलं. दहा गुंठे पुरेत म्हणाले, एक छोटं घर, पुढे व्हरांडा, संध्याकाळी वाइन.

तरुणाने पडलेला भाव सांगितला. साडूंना तो पटला. टोकन द्यायची तयारीही झाली. फक्त एक अट त्यांनी घातली, आणि गेले काही आठवडे फोनवर त्याच अटीची बोलणी चालली आहेत. पायवाट रुंद करून मिळाली पाहिजे. डांबरी, आणि समोरासमोर दोन गाड्या आरामात जातील एवढी.

तरुण म्हणतो, रस्ता करून देतो, पण मग ती जागा रोडटच होईल. भाव बदलेल.