मीच नोंदवणार, पण कुठे उभा राहून?

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला दोन स्वातंत्र्यदिन आहेत. एक सगळ्या देशाचा, आणि दुसरा 15 ऑगस्ट 2021 चा. त्या दिवशी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या सातबाऱ्यावर आपलं पीक आपल्याच हातानं चढवायचा हक्क आपल्याला मिळाला. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा' असं घोषवाक्यही आलं. ते ज्यानं रचलं तो बहुधा रेंजमध्ये राहत असावा.

त्याआधी हे काम तलाठ्याचं होतं. आमच्याकडे लातूर जिल्ह्यात तलाठी चावडीत बसून, चहा पीत, गावभरची पिकं गाव नमुना बारामध्ये उतरवायचा. विहिरीत पोहरा आपटायचा त्या दुष्काळी सालातही आमच्या गटात कागदोपत्री ऊस डोलत होता, कारण मागच्या साली तसं लिहिलेलं होतं. पण त्या माणसाशी भांडता यायचं. चार लोकांत आवाज चढवला, एक चहा जास्त पाजला, की ऊस मोडून त्या जागी सोयाबीन उगवायचं. आता पीक पाहणी अ‍ॅपमध्ये गेली आहे आणि अ‍ॅप चहा पीत नाही.

अ‍ॅपची मुख्य अट अशी की घरी बसून थापा मारायच्या नाहीत. स्वतःच्या गटात उभं राहायचं, अक्षांश-रेखांश पकडायचे आणि तिथूनच पिकाचा फोटो काढायचा. विचार उत्तम आहे. मला तो मनापासून पटलाही होता, वावरात जाईपर्यंत.

सोयाबीन कमरेला लागलं होतं. आजोबांनी घेतलेल्या, वडिलांनी कसलेल्या, मी कर्ज काढून पेरलेल्या जमिनीत मी मधोमध उभा होतो. अ‍ॅपनं थोडा विचार केला आणि कळवलं की तुम्ही निवडलेल्या गटापासून दूर आहात. मी पूर्वेला सरकलो. अंतर वाढलं. पश्चिमेला गेलो तसं अंतर कमी कमी होत गेलं, मी आनंदानं चालत राहिलो, आणि अ‍ॅप समाधान पावलं तेव्हा मी धुरा ओलांडून चुलतभावाच्या तुरीत शिरलेलो होतो.

आता आमच्यातला हा धुरा म्हणजे साधा धुरा नव्हे. त्याच्यावरून आमच्या आजोबांनी एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं होतं, आणि वडिलांच्या पिढीनं दोनदा मोजणी आणली होती. अशा ठिकाणी मी हातात मोबाइल धरून, एक डोळा मिटून, पावलं टाकत फिरतोय हे चुलतभावानं विहिरीवरून पाहिलं.

"दादा, काय मोजायलास?"

"मोजत नाही रे. पीक पाहणी करायलोय."

"माझ्या तुरीत तुझं सोयाबीन?"

"सरकार म्हणतंय माझा गट इथं आहे."

हे वाक्य मी बोलायला नको होतं असं बायकोचं मत आहे. माझं मत असं की हे मी नव्हे, उपग्रह बोलला. काही का असेना, मोजणीचा तिसरा अर्ज आता भूमी अभिलेखमध्ये पडणार हे नक्की.

जागा जमली की पुढचा पेपर सुरू होतो. आमच्याकडे सोयाबीनच्या ओळींत तुरीच्या ओळी असतात. बापजाद्यांपासून नाही, पण कृषी विद्यापीठानं शिफारस केल्यापासून तरी आहेत. तेव्हा मुख्य पीक कोणतं, दुय्यम कोणतं, कुणाचं क्षेत्र किती, तेही हेक्टर-आरमध्ये. उन्हात उभं राहून एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करून बघा. मग सिंचनाचं साधन, मग बांधावरची झाडं. मी एक आंबा आणि बाभळी मोजल्या. त्यानंतर फोटो. फोटो झाल्यावर पडदा पांढरा पडला. सर्व्हर व्यस्त. नोंद मोबाइलमध्ये साठली आहे, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा.

रेंज आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या पायरीवर येते. तिथं संध्याकाळी निम्मं गाव मोबाइल वर करून उभं असतं. शनिवारी आलेल्या नव्या माणसाला वाटेल, काय भक्ती आहे!

चावडीत विचारायला गेलो. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तेव्हा मीही अदबीनं विचारलं. ते म्हणाले, "वरूनच प्रॉब्लेम आहे." मी नकळत वर पाहिलं. पंखा बंद होता.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, हे मलाही कळतं. सातबाऱ्यावर पीक नसेल तर हमीभाव केंद्रावर सोयाबीन घेत नाहीत. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये जाहीर झाला, पण तो माझ्या शेंगांना नाही, माझ्या नोंदीला आहे. विमा, पीककर्ज, अतिवृष्टीची मदत, सगळीकडे पहिला प्रश्न तोच. म्हणजे पीक पाण्यात गेलं, हे सिद्ध करायच्या आधी ते होतं हे सिद्ध करायचं, आणि तेही ते वाहून जाण्यापूर्वी. पूर्वी नोंद चुकली तर तलाठ्याचा हलगर्जीपणा असायचा. आता ती माझी जबाबदारी आहे. पगाराचं काम आमच्या अंगावर टाकून त्याला हक्क म्हणण्याची ही हुशारी मात्र मान्य करायला हवी.

त्यात गावात एक नवं पद तयार झालं आहे. पानटपरीशेजारचं एक पोरगं, ज्याच्याकडे चांगला फोन आहे. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून सगळी म्हातारी माणसं आपला ओटीपी त्याला सांगून मोकळी होतात. तो गटागटातून फिरतो, फोटो काढतो, पैसे घेतो. वागणुकीनं अगदी जुन्या तलाठ्यासारखा. चहाही पितो.

ज्यांची नोंद राहते त्यांच्यासाठी सरकारनं सहायक नेमायची सोय केली आहे. म्हणजे मीच नोंदवणार, आणि मला नाही जमलं तर दुसरा नोंदवणार. शिवाय मुदत संपत आली की ती वाढते. सोयाबीन मात्र शंभर-एकशे दहा दिवसांत काढणीला येतं, त्याला मुदतवाढ मिळत नाही. यंदा वाढीव मुदतीची बातमी आली तेव्हा आमच्या शेजाऱ्यांचं पीक कापून ढीग लागला होता. ढिगाच्या फोटोला अ‍ॅपमध्ये जागा नाही.

तुमची नोंद राहिली असेल तर एक सांगतो. पहाटे पाचला वावरात जा. त्या वेळी सर्व्हर मोकळा असतो. फोटो तेवढा काळा येतो, त्याचं काय ते बघा.