पाच आणे चार पै

कुसगावात वाटणी निघाली की मोजणीदाराच्या आधी आबांना बोलावणं जातं. आबा हे काही कुणा एकाचं नाव नव्हे. मावळात गावागणिक असा एक आबा असतोच. डोक्यावर टोपी, बंडीच्या खिशात घड्या पडून फाटायला आलेला सातबारा (पुष्कळदा दुसऱ्याचाच) आणि जगातली कुठलीही वस्तू अखंड असू शकते यावर मुळीच विश्वास नाही. पूर्णांक त्यांना सोसत नाही. लोकल पावणेसहाची, पाऊस सव्वा तासाचा, देवापुढे सव्वा रुपया, थोरली सून दीडशहाणी आणि गावातले उरलेले सगळे अर्धवट.

शाळेत त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकली. औट म्हणजे साडेतीन. मागच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हे ठाऊक नसतं आणि ते ठाऊक नसल्याचं आबांना फार बरं वाटतं.

आबांचं जगाशी भांडण सुरू झालं १ एप्रिल १९५७ रोजी. त्या दिवशी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. "सोळा आणे म्हंजी किती पै? एकशे ब्याण्णव. तिघा भावांत घाल. चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट. पाच आणे चार पै. मिटलं! आता शंभराचे तीन कर बरं. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, आन् एक पैसा मधीच. त्या एका पैशापायी निम्मं मावळ कोर्टात हाय." गुंठ्यावर मात्र त्यांची भक्ती. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. तिघांत वाटायचा तर अकरा-अकरा फुटांचे पट्टे पाडा. ज्यानं गुंठा काढला त्याला मावळात भाऊ तीन असतात हे माहीत होतं, असं ते सांगतात. पुढे सरकारने आर आणला. तो १०७६ चौरस फुटांच्या जरासा वर. मधले बारा-साडेबारा फूट कुणी खाल्ले, हा प्रश्न आबा दर निवडणुकीत उमेदवाराला विचारतात आणि उमेदवार चहा सांगतो.

हल्ली त्यांना उसंत नाही. आधी एक्स्प्रेसवे झाला, मग खोपोलीच्या बाजूने डोंगर पोखरत निघालेल्या मिसिंग लिंकचं टोकही इथेच कुसगावात. ज्या बांधावरचं गवत कापायला कुणी फिरकत नव्हतं, त्याच्या एक-चोविसांश हिश्श्यासाठी आता लोक डोंबिवलीहून पहिली गाडी धरून येतात. सात वारस निघाले तर पै पुरत नाहीत, पण आबांकडे तोड आहे. "सातवा मुंबईला असतो. सहांत घाल, दोन आणे आठ पै. आन् त्याला दिवाळीला इंद्रायणी धाड." यावर आजवर एकाही सातव्याने अपील केलेलं नाही; निदान आबांपर्यंत तरी ते आलेलं नाही.

अशा माणसाच्या ओटीवर यंदा भर पावसाळ्यात न्यू जर्सीहून लेकीचा मुलगा आला. सोबत टीआय-८४. तिकडे शाळेत हा कॅल्क्युलेटर लागतोच. तो आकडेमोड करतो आणि वर आलेखही काढतो. नातवाचं मराठी आईने शिकवलेलं, म्हणजे प्रेमळ पण एकेरी.

"आबा, तू विचार, हा सांगेल."

आबांनी अर्थातच एक भागिले तीन विचारलं. पडद्यावर शून्यसुद्धा न लावता टिंब आलं आणि त्यामागे तीनची रांग लागली. आबांचा चेहरा उजळला. "बघ! शेपूट निघालं. हे बी सत्तावन सालचंच."

नातवाने मॅथचं बटण दाबलं, यादीतलं पहिलंच काम निवडलं, एंटर केलं. रांग पुसून १/३ उभा.

आबा चपापले. "म्हंजी ह्याला ठाऊक हाय, पर विचारल्याबिगर सांगत न्हाई. तलाठ्यागत." मग त्यांनी परीक्षा घ्यायची म्हणून टिंब आणि तीनच तीन घालायला लावले. यंत्राने १/३ म्हटलं नाही, ३३३/१००० म्हटलं. हे मात्र आबांना मनापासून आवडलं. दिलं तेवढंच मोजलं, पदरचं काही घातलं नाही. असा मोजणीदार उभ्या तालुक्यात दाखवा, म्हणाले.

नातू खुलला. त्याने एक भागिले एक्सचा आलेख काढला आणि समजावलं, की आडव्या रेघेवर वारस धर, उभीवर प्रत्येकाचा वाटा. उजवीकडे जावं तशी रेघ खाली खाली येते, पण शून्याला टेकत नाही. आबा बराच वेळ बघत राहिले. "टेकत न्हाई म्हनून तर खटले सरत न्हाईत." मग बोट डावीकडे नेलं, जिथे रेघ उभीच्या उभी वर चढते. "आन् हितं?"

"तिथे वारस एकापेक्षा कमी. म्हणजे अर्धा वारस असेल तर वाटा दोन."

"अर्धवटाला दुप्पट!" आबांनी मांडीवर थाप मारली. "गावातलंच हाय हे यंत्र."

आता आबांना ते कुणाला तरी दाखवायचं होतं. मागच्या खोलीतली पोरं जमली. आबांनी स्वतः पै-पै जोडून विकत घेतलेलं खालचं भातखाचर उदाहरणाला घेतलं. तीन मुलगे, पाच आणे चार पै, कसं बिनशेपटाचं!

नातू बोटं मोजत होता. "आबा, माझी आई?"

"तिचं काय?"

"आणि आजी?"

खोलीतलं एक पोरगं फारच हुशार निघालं. त्याने सांगून टाकलं, की हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र नसेल, तर स्वतः मिळवलेल्या जमिनीत बायको, मुलगे, मुली सगळ्यांना सारखाच वाटा. म्हणजे आबांचा लाडका आणा जाण्याच्याही आधीचा हा घाव, पण त्याबद्दल आबांनी आजवर कुणाही उमेदवाराला काही विचारलं नव्हतं.

नातवाने एक भागिले पाच केलं. पडद्यावर टिंब आणि दोन. रांग नाही, शेपूट नाही. उलट आण्यांत घालू गेलं की एकशे ब्याण्णवाला पाचाने भाग जाईना. अडतीस पै होऊन वर दोन उरायला लागल्या.

आबांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. "सेल उतरलेत ह्याचे. ठिवून दे."

आतून भाताचा कुकर उतरवता उतरवता आजी म्हणाली, "किती लागत्यात रं?"

"चार. बारीक."

"टीव्हीच्या रिमोटात दोन हायेत आन् डिशच्या रिमोटात दोन. काढून देते, थांब."

"बातम्या हायेत आता साडेसातच्या!" आबा ओरडले. पण तोवर एका रिमोटचं झाकण उघडलेलं होतं.