वटाव कापून १० लाख

उधन्यात रिटायर झालेला खानदेशी माणूस पहिल्या महिन्यात हमखास एक वाक्य बोलतो, "आता गावी जाऊन राहणार." मग तो अमळनेरचा असो, नंदुरबारचा असो की पारोळ्याचा. तरुणपणी तापी लाइनच्या गाडीने आलो, त्याच गाडीने परत जाऊ, असा साधासरळ हिशोब असतो. तो खरोखर जातो. आठवडाभर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खातो, ओट्यावर बसून सुरतेच्या गर्दीला नावं ठेवतो. मग एका रात्री छातीत जरा धस्स होतं आणि सकाळच्या गाडीने स्वारी उधन्यात हजर. कारण गावात मोकळी हवा आहे, विहीर आहे, मनसोक्त भाऊबंदकी आहे. ईसीजी तेवढा नाही.

तेव्हा आमच्यासारखे लोक म्हातारपणी उधन्यात राहतात ते प्रकृतीसाठीच. पांडेसऱ्याच्या मिलांची धुराडी नजरेच्या टप्प्यात असताना असं म्हणणं विनोदी वाटेल, पण इलाज नाही. इथे हवा खराब आणि डॉक्टर जवळ. गावी नेमकं उलट.

मी एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये मेहताजी होतो. सेठजी विम्याच्या बाबतीत फार दक्ष. यंत्रांचा विमा, बॉयलरचा विमा, ग्रे मालाचा विमा, रंगवलेल्या मालाचा विमा. माणसांचं मात्र त्यांना कधी सुचलं नाही. पगार २१,००० च्या वर गेला तेव्हा ईएसआयमधूनही माझं नाव कमी झालं. बढतीचे पेढे वाटले त्याच महिन्यात. साठी उलटल्यावर शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो. हाती पीएफची पेन्शन, तीही महिन्याला ३,००० च्या आत. अंगावर एक बीपी, हिच्या अंगावर एक शुगर. गुडघे दोघांचे मिळून चार, त्यातले चालू स्थितीत दोन.

मेडिक्लेम घ्यावा असं घरात ठरलं, आणि ठरलं त्याच संध्याकाळी साडूभाऊ दारात उभे राहिले. बातमी कशी पोचली ते विचारू नका, दोन बहिणींकडे फोन आहेत. साडूभाऊ डिंडोलीला राहतात आणि विम्याची एजंटी करतात. जगात कोणत्याही एजंटाला नाही म्हणता येतं. साडूला म्हणता येत नाही. म्हटलं तर ते 'नाही' आधी त्यांच्या बायकोकडे जातं, तिथून माझ्या बायकोकडे येतं, आणि मग आपल्याला वरणात मीठ कमी लागायला लागतं.

साडूभाऊंनी टेबलावर चकचकीत पुस्तिका पसरल्या. प्रत्येकीवर एक पांढऱ्या केसांचं जोडपं खदाखदा हसत होतं. त्यातल्या एकाचेही गुडघे दुखत असावेत असं वाटेना. "साडूभाऊ," ते मला म्हणाले (आम्ही एकमेकांना तेच म्हणतो, त्यामुळे भांडण झालं तर ऐकणाऱ्याला कोण कोणाला बोलतोय ते कळत नाही), "तुम्ही नशीबवान. पूर्वी ६५ च्या पुढे नवी पॉलिसी मागायला गेलं की बहुतेक ठिकाणी दार बंद. ती वयाची अट २०२४ च्या एप्रिलपासून गेली. जुन्या आजारासाठी ४ वर्षं थांबावं लागायचं, ते ३ वर आलं. आणि १८ टक्के जीएसटी तर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफच." शेवटचं वाक्य त्यांनी असं उच्चारलं, की ही माफी माझ्यासाठी त्यांनीच दिल्लीला जाऊन मंजूर करून आणली असावी.

माहिती खरी होती, ते मी नंतर ताडून पाहिलं. पण सगळी माहिती पुस्तिकेच्या पहिल्या पानावरची होती. मी रिंगरोडच्या मार्केटातल्या व्यापाऱ्यांची खाती लिहिण्यात जन्म घालवलेला माणूस. एक लाखाचं बिल पाठवलं म्हणजे एक लाख येतात, असं मानणारा मेहताजी सुरतेत एक दिवाळीसुद्धा काढत नाही. पार्टी आधी वटाव कापते. मग दलाली. मग "ताक्यात माल कमी भरला", मग "रंगात डाग", मग चार साड्या आर.जी. (रिटर्न गुड्स) म्हणून परत. उरेल त्याचा चेक. पार्टी चांगली की वाईट, हे बिलाच्या आकड्यावरून ठरत नाही, चेकच्या आकड्यावरून ठरतं. मी साडूभाऊंना म्हटलं, "तुमचे ५ लाख राहू द्या. यात वटाव किती तेवढं सांगा."

ते म्हणाले, "विम्यात वटाव नसतो." मी धागे मोजायचं भिंग काढलं.

त्यांच्या पहिल्या योजनेत खोलीभाड्याला मर्यादा होती, विम्याच्या रकमेच्या १ टक्का. ५ लाखांवर रोजचे ५,०००. समजा दवाखान्याने १०,००० च्या खोलीत टाकलं. भोळ्या माणसाला वाटतं, वरचे ५,००० आपण भरू, संपलं. संपत नाही. खोली दुप्पट, म्हणून डॉक्टरची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर, सगळं निम्म्यावर येतं. औषधं आणि तपासण्या तेवढ्या त्यातून सुटतात. वर ज्येष्ठांसाठी २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपला वाटा. मी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. बिल ३ लाखांचं, त्यात खोलीच्या दर्जावर चालणारा खर्च २ लाख. त्याचे झाले १ लाख. औषधं-तपासण्यांचे १ लाख धरून मंजूर २ लाख. त्यातून २० टक्के गेले. हातात १ लाख ६० हजार. म्हणजे निम्म्याच्या जवळपास बिल माझ्याच खिशातून. माझ्या अख्ख्या नोकरीत कुठल्याही नाठाळ पार्टीने एवढा वटाव कापला नव्हता, आणि त्यांच्यावर तर आम्ही कोर्टात जायची भाषा करायचो.

शिवाय एक यादी असते, न मिळणाऱ्या वस्तूंची. एकूण ६८ नग. ती मी मोठ्याने वाचली आणि घरात बऱ्याच दिवसांनी सगळे एकत्र हसले. सुरुवातच बेबी फूडने. त्रेसष्टाव्या वर्षी मी ऑपरेशनला जाऊन बेबी फूड मागेन, ही शक्यता कोणीतरी गंभीरपणे विचारात घेतली आहे. पुढे मिनरल वॉटर, टीव्हीचं भाडं, धुलाई, टेलिफोन, झेरॉक्स आणि झेरॉक्सच्या खालोखाल शवागाराचं भाडं. माणसाचं अख्खं आयुष्य एका यादीत बसवलंय आणि त्यातलं काहीच मिळणार नाही, असं नम्रपणे कळवलंय. यातल्या बऱ्याच वस्तू जादा प्रीमियम भरून विम्यात घेता येतात. हे मात्र साडूभाऊंनी न विचारता सांगितलं.

एव्हाना चहा थंड झाला होता आणि हिला भलताच प्रश्न पडला होता. "दवाखाना कुठला?"

साडूभाऊंनी मोबाइलवर कॅशलेस दवाखान्यांची यादी उघडली. सुरतेत एवढे दवाखाने आहेत हे मला ठाऊक नव्हतं. अडाजण, वेसू, अठवा, वराछा. उधन्याजवळचा पहिला दवाखाना दाखवत होते एक किलोमीटरच्या आत. ही म्हणाली, "तो रुळांच्या पलीकडे आहे."

"तर काय झालं?"

"मध्ये गरनाळं आहे."

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. उधना-लिंबायत भागात रेल्वेचे रूळ शहर मधोमध कापत जातात आणि इकडून तिकडे जायचं तर गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या रस्त्यातून, जावं लागतं. लिंबायतचं गरनाळं तर जोराच्या पावसात भरण्याबद्दल प्रसिद्ध आहे. त्या दिवशी वर्तमानपत्रात मंत्र्यांचा फोटो येत नाही, गरनाळ्याचा येतो. मोबाइलचा नकाशा आकाशातून सरळ रेघ मारतो. त्याला रूळ दिसत नाहीत, फाटक दिसत नाही, कमरेएवढं पाणी दिसत नाही. जुलै महिन्यात माझ्या छातीत दुखलं तर अँब्युलन्सने किलोमीटरभर अंतरासाठी शहराला प्रदक्षिणा घालायची, की मी पावसाळा संपेपर्यंत दुखणं थांबवून धरायचं? कुठल्याही पुस्तिकेत या प्रश्नाला रकाना नव्हता. हिने तिथल्या तिथे नियम केला, दवाखाना रुळांच्या आपल्या बाजूला हवा. मग ती पिशवी घेऊन निघाली आणि आमच्या बाजूच्या ३ दवाखान्यांच्या विम्याच्या खिडकीवर स्वतः जाऊन विचारून आली, की कोणत्या कंपन्यांचं कॅशलेस चालतं आणि कोणाचे पैसे तुमच्याकडे अडकून पडतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खिडकीवरच्या मुलींनी फार मनापासून दिलं. एवढ्या कामाची माहिती मला महिनाभर पुस्तिका वाचून मिळाली नव्हती. यादीबाहेरच्या दवाखान्यातही २०२४ पासून कॅशलेस मागता येतं. ठरवून भरती व्हायचं तर ४८ तास आधी कळवायचं, अचानक झालं तर भरती झाल्यापासून ४८ तासांत. पण ते मागता येतं, मिळतंच असं नाही. खिडकीवरची मुलगी काय म्हणते तेच खरं.

फॉर्म भरताना साडूभाऊ हळूच म्हणाले, "बीपीचं लिहूच नका. गोळी एकच तर आहे." हा सल्ला उधन्यात फुकट मिळतो आणि सगळ्यात महाग पडतो. पॉलिसी सलग ५ वर्षं चालली की लपवलेल्या आजाराचं कारण सांगून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण त्या ५ वर्षांच्या आत सापडलात, की पार्टीने अख्खा माल परत केला समजा. आमच्या घरात मात्र लपवण्याचा प्रश्नच आला नाही. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा तपासणीचा फोन आला, हिंदीतून, आणि तो हिने स्पीकरवर ठेवला.

"अंकलजी, कोई बीमारी?"

मी तोंड उघडेपर्यंत ही सुरू झाली. "बीपी है. रात को तीन बार उठते है. घोरते है इतना, की बाजूवाले कंप्लेन करते है. २००६ के पूर में पानी में चले, तब से पैर में खाज है. मीठा मना किया तो चोरून खाते है."

"आंटीजी, मैं अंकलजी से…"

"उनको कुछ याद नहीं रहता. वो भी लिख लो."

तो फोन बराच वेळ चालला. डॉक्टरीणबाईंनी शेवटी फक्त एवढंच विचारलं, की अंकलजी आत्ता ठीक आहेत ना. प्रीमियम त्या फोननंतर वाढला. मी कुरकुर केली तशी ही आपल्या मूळ बोलीवर आली, "मंग काय व्हयनं? खरं तेच सांगं ना!" याला उत्तर नाही.

शेवटी पॉलिसी घेतली. १० लाखांची, दोघांची मिळून, खोलीभाड्याला मर्यादा नाही, को-पे नाही, दवाखाना रुळांच्या अलीकडे. घेतली साडूभाऊंकडूनच, वरणाचा प्रश्न होता. प्रीमियम ६० हजारांच्या पुढे, म्हणजे वर्षभराची पेन्शन साठवली तरी निम्म्याच्या आसपासच भागतं, उरलेलं मुलगा भरतो आणि महिन्यातून एकदा त्याचा उल्लेख करतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे यांना २ वर्षं थांबायचंय, बीपी-शुगरला ३. मी रोज सकाळी चौघा गुडघ्यांना तारीख सांगतो. साठीच्या पुढच्यांचा प्रीमियम नियामकाला न विचारता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, असा आदेश २०२५ च्या जानेवारीत निघाला, त्या भरवशावर पुढची बेरीज मांडून ठेवली आहे.

आणि मग आमचे अण्णा. माझे थोरले भाऊ, वय ७४. उभा जन्म सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, गेला. कधी फॉर्म भरला नाही, पुस्तिका उघडली नाही, भिंग तर नाहीच. माझा हा सगळा खटाटोप ते पलंगावर पाय हलवत बघत होते. मी पावती दाखवल्यावर त्यांनी उशीखालून एक कार्ड काढलं. आयुष्मान वय वंदना. ७० पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू. प्रीमियम शून्य, थांबायचा काळ शून्य, जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो. वटाव शोधायला मी भिंग घेऊन बसलो. तो एवढाच, की योजनेत असलेल्याच दवाखान्यात जायचं आणि खोली जनरल वॉर्डाची. अण्णा म्हणाले, "मी आयुष्यभर लूमच्या खात्यावर शंभर माणसांत झोपलो, मला काय करायचीय वेगळी खोली?"

त्यामुळे माझी पॉलिसी खरं तर सत्तरीपर्यंत पोचण्याची सोय आहे. तिथे गेलो की मीही अण्णांच्या रांगेत. खासगी पॉलिसी असली तरी ते कार्ड मिळतं, दोन्ही ठेवता येतात.

तेव्हा, उधन्यातल्या, लिंबायत-डिंडोलीतल्या आणि बाकी सगळीकडच्या मंडळींनो, घरात कोणाची ७० पूर्ण झाली असतील तर या रविवारी त्यांचं आधार कार्ड काढा आणि वय वंदनाचं कार्ड करून घ्या. सूत हाताळून बोटांचे ठसे झिजले असले, तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं. अण्णांचं तसंच झालं. सत्तरीच्या आतल्यांनी पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचावी. पटली नाही तर तेवढ्या मुदतीत परत करता येते. पुढे दावा अडलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि तिथे दाद लागली नाही तर अहमदाबादला विमा लोकपाल आहेत, त्यांच्याकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आणि वटावाचं पान सापडेना झालं तर सरळ माझ्याकडे या, भिंग तयार आहे. फक्त साडूला बरोबर आणू नका.