येऊ द्या, येऊ द्या

27 वर्षं मोटार चालवतोय, गाडीवर एक ओरखडा नाही. डाव्या दारावर आहे तो सोसायटीच्या गेटचा दोष. या पुण्याईवर एका लग्नाच्या पंगतीत मी बोलून गेलो, "ट्रक म्हणजे काय हो, स्टिअरिंग मोठं, एवढंच." ही जिलबीवाल्याकडे बघत म्हणाली, "मग काढा की हेवीचं लायसन."

7,500 किलोपर्यंतचा टेम्पो माझ्या साध्या लायसनवरही चालला असता. सर्वोच्च न्यायालयाचा 2024 चा निकालच आहे तसा. पण टेम्पोने पंगत गप्प झाली नसती. हेवीसाठी साधं लायसन वर्षभर जुनं असलं की भागतं. म्हणजे माझी 26 वर्षं कायद्याने खिजगणतीतच धरली नाहीत.

शिकवायला मामा. त्यांचा उजवा हात काळाकुळकुळीत, डावा गव्हाळ. एक जन्मभर खिडकीबाहेर राहिला. पहिल्याच दिवशी मी सेल्फ मारून गिअर टाकायला गेलो. "हवा भरू द्या," मामा म्हणाले. मी खाली उतरून टायर बघून आलो. हवा ब्रेकची होती.

पण खरी विद्या रिव्हर्सची, आणि ती ड्रायव्हरची नव्हेच, क्लीनरची. पत्र्यावर दोन थापा म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. एसटीच्या घंटीचाच हिशेब. खरी गायकी मात्र 'येऊ द्या'त. लांबवलेलं 'येऊऊऊ द्या' म्हणजे मैदान मोकळं. तुटक, द्रुत लयीत आलं की भिंत जवळ. आणि 'द्या' गिळला की पाय ब्रेकवर हवाच. या घराण्याला अजून कुणी पुरस्कार कसा दिला नाही? आमच्या क्लीनरने 'द्या' गिळला, तेव्हा माझ्या अनुभवाच्या मते वीतभर जागा शिल्लक होती. चहावाल्याचं पिंप भरून दिलं.

चढावर मागच्या मोटारीने हॉर्नचा सपाटा लावला. खंबाटकीत असेच हॉर्न मी किती ट्रकांच्या पाठीत घातले असतील! मामांना काहीच वाटलं नाही. म्हणाले, "हे लायसन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. औंदा डॉक्टरनं सही नाही दिली. साखर डोळ्यात उतरली." थोड्या वेळाने म्हणाले, "रात्री झोपेत ब्रेक दाबतो. मंडळी लाथ खाते."

मी पास झालो. संध्याकाळी गेटात वळताना मोटार आधी समोरच्या वाण्याच्या पायरीपर्यंत नेली. वॉचमन स्टूल उचलून पळाला. गल्लीत ट्रॅफिक तुंबलं, म्हणून रिव्हर्स टाकला. आरशात ही, भाजीच्या पिशवीसकट.

"येऊऊऊ द्या..."

'द्या' कधी गिळला, कळलंच नाही. डाव्या दारावर आता दोन ओरखडे आहेत.