नाकाचा प्रश्न

मागच्या वर्षी एप्रिलात आमच्या नळाची मोटर चोरीला गेली. चोरानं वायर कापलीसुद्धा नाही, पीळ सोडवून, नीट गुंडाळून नेली. आपल्या अंगणात कुणी इतकं निवांत बसून गेलं, याचा माझ्या वडिलांना, अण्णांना, मोटरीपेक्षा जास्त संताप आला. नळाला मोटर लावणंच बेकायदा, त्यामुळे पोलिसांत जायची सोय नव्हती. म्हणून कुत्रं पाळायचं ठरलं.

"कुत्रं म्हंजे कारवानी," अण्णा म्हणाले. "बाकी सगळी खेळणी."

"पग!" माझी मुलगी मुक्ता म्हणाली. तिच्या मोबाइलमध्ये पगाचे दोनशे फोटो होते आणि नावही ठरलं होतं, लाडू.

अण्णांनी फोटो लांब धरून पाहिला. "ह्याला कुणी दारात चेंगरलंय काय?"

अण्णांनी चाळीस वर्षं मार्केट यार्डात आडत दुकानावर दिवाणजी म्हणून काढली. ज्वारीचा दाणा दोन बोटांत फिरवून ती कुठल्या शिवारातली ते सांगायचे. जनावराच्या बाबतीतही त्यांचा शब्द शेवटचा. कारवानीची उंची कमरेला लागते, पोट पाठीला चिकटलेलं, छाती खोल, आणि तोंड असं लांबुळकं की भांड्याच्या तळाशी राहिलेलं ताक आरामात संपवावं. लातूरकडं जानवळचे कारवानी प्रसिद्ध. सीमेपलीकडं बागलकोट जिल्ह्यात हेच कुत्रं मुधोळ म्हणून मिरवतं. तिथल्या घोरपडे राजेसाहेबांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला जोडी भेट दिली, 2005 साली टपाल तिकिटावरही मुधोळच आला. अण्णांच्या मते हा निव्वळ अन्याय. सीमाप्रश्नात बेळगाव गेलं ते गेलं, कुत्रंही गेलं.

कारवानीच्या वेगाबद्दल त्यांच्याकडं एक गोष्ट आहे. 1897 पासून आमच्या गावाला अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाईट होती. अण्णांच्या लहानपणी म्हणे एक कारवानी तिच्याबरोबर धावायचा आणि पुढच्या स्टेशनात लिंबाखाली झोपून गाडीची वाट बघायचा. यात कुत्र्याची तारीफ किती आणि गाडीची निंदा किती, हे मला आजवर उमगलं नाही. त्या गाडीतून माणसं उतरून, बाजूच्या रानातून हरभऱ्याचे डहाळे उपटून पुन्हा चढायची, असंही तेच सांगतात.

मुक्ताच्या पगालाही घराणं कमी नव्हतं. चीनच्या राजवाड्यात मांडीवर वाढलेली जात, तिथून युरोपच्या राजवाड्यांत. आमच्याकडं मात्र तो 2003 साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून आला. पोरगं जाईल तिथं त्याच्यामागं जाणारं ते चपट्या तोंडाचं कुत्रं बघून अख्खा देश विरघळला. बरीच वर्षं लोक त्याला पग म्हणतच नव्हते, 'हचचं कुत्रं' म्हणायचे.

आईचा प्रश्न एकच होता. "भाकरी खातंय का?"

कारवानी खातो. ज्वारीची भाकरी आणि दूध, एवढ्यावर खेडोपाडी पिढ्या निघाल्या. पगाचं खाणं पाकिटातून येतं म्हटल्यावर आईनं त्याचं नाव टाकलं. मग तिला नामदेवांची गोष्ट आठवली. कुत्रं कोरडी भाकरी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले. "पर ते कारवानी नसणार," ती म्हणाली. "कारवानी असता तर नामदेव पंढरपुरातनं बार्शीला आलं असतं, आन् वाटी हातातच."

मेमध्ये माझा मेहुणा पुण्याहून आला, तो त्याचा पग घेऊनच. "दाजी, दोन दिवस ठेवून बघा, मग ठरवा." उपळाई रोडला दुपारी दोन वाजता गाडी थांबली. एसी बंद झाला, दार उघडलं. पगानं एक पाय खाली ठेवला, बार्शीचा उन्हाळा त्याला पायातून कळला आणि तो पाय त्यानं परत घेतला. त्याला उचलून आत आणावं लागलं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकल्या की त्याचं अंग निवतं. त्यासाठी वारा आत-बाहेर करायला नाक-घसा मोकळा हवा. पगाचं तोंड माणसांनी हौसेनं इतकं आखूड करत नेलं की आतली सगळी पाईपलाईन चेपली गेली. ते लाडिक फुरफुरणं आम्हाला गोड वाटत होतं, तो बिचारा श्वास घेत होता. मुक्ता ओला पंचा घेऊन त्याच्यापाशी बसली आणि हळूहळू गप्प झाली.

रात्री लाईट गेली. कूलर थांबला तसं पगाचं घोरणं ऐकू यायला लागलं. एवढ्याशा जिवातून तो आवाज कसा निघतो कोण जाणे. मी नेहमीप्रमाणे गाढ झोपलो होतो. आमची जुगलबंदी पहाटे चारपर्यंत रंगली, असं सकाळी कळलं.

"अहो," बायको चहाचा कप आदळत म्हणाली, "बुटका, पोट सुटलेला, जिना चढला की धापा टाकणारा आणि रात्रभर घोरणारा एक आहे घरात. दुसरा नको."

कुत्र्याच्या निवडीत माझं मत कुणी विचारलं नव्हतं. असं विचारात घेतलं गेलं.

जूनमध्ये जानवळहून पिल्लू आलं. मुक्तानं एकच अट घातली, नाव बदलायचं नाही. त्यामुळे आज सव्वा वर्षाच्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा त्या जनावराला आम्ही "लाडू, ए लाडू!" म्हणून हाक मारतो. रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. एकानं विचारलं, "आजारी हाय काय?" अण्णा त्याच्याशी अजून बोलत नाहीत.

एवढं लांब नाक, पण शिकार हा डोळ्यानं करतो. हललं त्याच्यामागं धावायचं, हे त्याचं शास्त्र. प्लॅस्टिकची पिशवी उडाली तरी लाडू बाणासारखा सुटतो, पाच मिनिटांत गल्ली पालथी घालतो आणि उरलेला दिवस दिवाणावर कूलरसमोर पडून काढतो. तिथं आधी मी झोपायचो. परक्यानं हात लावलेला त्याला खपत नाही, पण भुंकून सांगणं त्याला कमीपणाचं वाटतं. उठून दुसऱ्या खोलीत जातो. अण्णांची हुबेहूब हीच रीत आहे. संध्याकाळी दोघं भगवंताच्या देवळाकडं फिरायला निघतात. दोघंही उंच, दोघंही सडसडीत, नाकं पुढं. मागून पाहिलं की त्यांनी कुत्रं निवडलं का आरसा, असं वाटतं.

दिवाळीनंतर नवी मोटर बसवली होती. लाडू मोठा झाला, आता रात्री अंगणात बांधू, म्हणून मी परवा साखळी आणली. अण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"येडा का खुळा? जातिवंत कारवानी हाय. रात्रीत कुणी सोडून नेलं म्हंजे?"

तेव्हापासून दहाच्या ठोक्याला लाडू आत येतो आणि अण्णा दाराला अडसर लावतात. मोटर बाहेरच असते. रात्रीतून दोनदा उठून तिच्याकडं बघून यायचं काम माझ्याकडं आहे.