आबांची टोमी

अंबड तालुक्यातल्या आबांना उभी गाडी बघवत नाही. टायरवर लोखंडी टोमी हाणायची, कान द्यायचा आणि मालकाकडे न बघता निकाल सांगायचा, "बद्द वाजतंय."

ट्रकच्या जोडचाकांपुरतं हे शास्त्र चोख आहे. आतला टायर बसला तरी बाहेरचा त्याचं ओझं पेलतो, म्हणून नुसत्या नजरेला काही कळत नाही. टणक वाजला तर हवा, बद्द वाजला तर पंक्चर. पण आबा टोमी घेऊन लग्नालाही जातात.

एकदा फुलांनी मढवलेल्या मोटारीपुढे उकिडवे बसून त्यांनी टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. "नवरदेवाचं वय समद्यांनी विचारलं, टायरचं कामून नाही?" वरात खोळंबली. वैकुंठरथालाही टोमी बसली; मयताला घाई नव्हती, खांदेकरी मात्र कुरकुरले. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जायचं तर जीपवाल्याला पहाटेच उठवतात, कारण हवा टायर गार असतानाच मोजायची. पळून तापलेला टायर जास्त दाखवतो.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. पुढे अपघात वाढले, तेव्हा आरटीओने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. आबांनी ती बातमी पारावर मोठ्याने वाचली. सरकारला अखेर टोमी सापडली होती!

अंकुशनगरच्या कारखान्याकडे उसाच्या जोडट्रॉल्या निघाल्या की मात्र आबांची थट्टा बंद होते. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल. शेतात जागेवर वळायला ते सुटे ठेवतात. रस्त्यावर पट्टी लावून जोडले नाहीत, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो. आणि मागच्या ट्रॉलीला? बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरला ढकलत नेतं. आबा ट्रॉली थांबवतात, हुकाची पिन हलवून बघतात, हबला हाताची उलटी बाजू लावतात. एकच हब तापला असेल, तर बेअरिंग गेलंय. ड्रायव्हर शिव्या घालतात, पण थांबतात.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, आणि वर पोरं. अशाच एका ट्रॉलीच्या टायरची तार बाहेर आली होती. आबांनी टोमी उचललीच नाही.

"हे पोरांखाली चालवतोस?"

"उचल पोरीच्या लग्नात गेली, आबा. टायर कुठून आणू?" मुकादम म्हणाला.

आबांनी आपल्या ट्रॉलीचं एक चाक काढून दिलं. कारखान्याचा पट्टा पडला की परत आण, एवढंच म्हणाले. घरी सांगितलं, टायर जुना होता, बादच व्हायचा होता.

आबांच्या संसारात काकूंनी दुसरं काही नाही, तरी टायर वाचायला शिकून घेतलंय. आबांनी एकच नवा टायर टाकला होता, हेही त्यांच्या ध्यानात होतं. त्या कंदील घेऊन दगडावर टेकवलेल्या ट्रॉलीपाशी गेल्या आणि उरलेले तिन्ही टायर एकेक करून वाचले : १८१६, १८१६, १८१६.