गोल मोजू नयेत

ऑस्ट्रेलियात सॉकरची गोडी वाढते आहे, याचं मोठं श्रेय लहान मुलांच्या ‘मिनिरूज’ला द्यायला हवं. इथे गुणतक्ताच नसतो. खेळण्यातला आनंद महत्त्वाचा. शनिवारी सकाळी रेषेबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले पालक हे तत्त्व निष्ठेने पाळतात. ‘किती झाले?’ असं कुणी विचारत नाही. प्रत्येकाला पाठच असतं.

अशा निर्मळ वातावरणात दोन घरांची मैत्री जुळते. मध्यंतराच्या संत्र्यांची पाळी लागते, मुलांना एकाच गाडीतून नेणं-आणणं सुरू होतं. तिथेही हिशेब नाही. फक्त गेल्या जूनमध्ये कुणी फोडी बियांसकट आणल्या, एवढं लक्षात असतं.

ही उदात्त पद्धत वरपर्यंत न्यावी, अशी नम्र सूचना. २०२३ च्या महिला सॉकर विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या मटिल्डाज उपांत्य फेरीत इंग्लंडकडून १-३ अशा हरल्या, त्या निव्वळ कुणीतरी मोजत बसल्यामुळे. त्याआधी फ्रान्सला पेनल्टींवर ७-६ असं हरवलं, तेवढी मोजणी मात्र राहू द्यावी.